राखणदाराच्या वहीची राखण

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता महाड ओलांडून सावित्रीच्या खोऱ्यांतून पोलादपुरास पोंचतो, आणि तेथून एक फांटा महाबळेश्वराच्या घाटाकडे वळतो. या तालुक्यांतील एखाद्या वाडीवर आडदिवशीं गेलें तर एक गोष्ट चटकन् डोळ्यांत भरते. कितीतरी घरांना कुलूप असतें. घरधनी मुंबईस किंवा पुण्यास नोकरीवर. गणपतीला आणि शिमग्याला तीं घरें उघडतात, चार दिवस गजबजतात आणि पुन्हां कुलुपाआड जातात. जीं उघडीं असतात त्यांतहि पुष्कळ ठिकाणीं म्हातारे आईवडील तेवढे असतात. पूर्वीं अशा घराची चौकशी शेजारी करीत, आणि गांवाचा राखणदार रात्रीं वेशीवरून फेरी घालतो ही श्रद्धा मनाला धीर देई. आतां त्या राखणीला एक नवा पहारेकरी येऊन मिळाला आहे. तो म्हणजे पडवीच्या वाशाला बसविलेला लहानसा कॅमेरा. ठाण्याच्या खोलींत बसून चाकरमान्याला हातांतल्या मोबाइलवर आपलें अंगण दिसतें, तुळस दिसते, दुपारीं पडवींत पाय पसरून तांदूळ निवडणारी आई दिसते. हें सुख लहान नाहीं.

पण या पहारेकऱ्याविषयीं एक प्रश्न आपण क्वचितच विचारतों. तो रात्रंदिवस जें पाहतो तें एका वहींत टिपून ठेवतो. ती वही कोठें असते? ती कोण वाचूं शकतो? आणि चोरानें चांदीच्या भांड्यांबरोबर तीहि उचलून नेली तर आपल्या हातीं काय उरतें? या वहीला बाजारांत रेकॉर्डिंग किंवा फुटेज म्हणतात. मी तिला सोयीसाठीं नोंद म्हणणार आहें. या नोंदीची चोरी कशी होते, आणि ती टाळण्यासाठीं सामान्य गृहस्थाला काय करतां येईल, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम ही नोंद राहते कोठें तें पाहूं. चित्र घेणें हें कॅमेऱ्याचें काम. पण घेतलेलें चित्र साठविण्याचीं ठिकाणें तीन आहेत. पहिलें ठिकाण म्हणजे कॅमेऱ्याच्याच पोटांत बसविलेलें नखाएवढें मेमरी कार्ड. दुसरें म्हणजे घरांत ठेवलेली डीव्हीआर नांवाची पेटी आणि तिच्यांतील हार्ड डिस्क. तिसरें ठिकाण घराबाहेर, इंटरनेटच्या वाटेनें दूर कोठें तरी एखाद्या कंपनीच्या संगणकांत. त्याला क्लाउड असें म्हणतात. आपल्या घरची नोंद या तिहींपैकीं कोठें होते, हें कॅमेरे बसवून घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतें. मोबाइलवर चित्र दिसतें, म्हणजे तें कोठें तरी सुरक्षित असेलच, अशी त्यांची समजूत असते. मोबाइल ही केवळ खिडकी आहे. खिडकींतून जें दिसतें तें खिडकींत साठलेलें नसतें.

दुसरी गोष्ट, ही वही बेताच्याच पानांची असते. साधा हिशेब करून पाहा. एक कॅमेरा दर सेकंदाला २० लाख बिट एवढी माहिती लिहीत असेल तर तासाला ९०० मेगाबाइट आणि दिवसाला सुमारें २१॥ गिगाबाइट जागा भरते. चार कॅमेरे असले तर दिवसाला ८६ गिगाबाइट. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क अकराव्या-बाराव्या दिवशीं भरून जाते, आणि मग ती पेटी निमूटपणें पहिल्या दिवसाचें पान पुसून त्यावर नवें लिहूं लागते. गणपतीनंतर बंद केलेलें घर दिवाळीला उघडलें आणि कपाट फोडलेलें आढळलें, तर चोरीची रात्र कदाचित् केव्हांच पुसून गेलेली असेल. तेथें नोंद कोणी चोरलीच नाहीं. ती आपल्या अजाणपणानें गेली. सर्वोच्च न्यायालयानें २ डिसेंबर २०२० रोजीं पोलिसठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयीं आदेश दिला, तेव्हां नोंद १८ महिने टिकावी, आणि तशीं यंत्रें मिळत नसतील तरी निदान एक वर्ष टिकावी, असें बजावलें. घरगुती नोंदीला इतकी मुदत नको. पण आपण दोन भेटींमध्यें जितके दिवस घरापासून दूर राहतों, तितके दिवस तरी ती पुरली पाहिजे. चित्राची प्रत थोडी उतरवून, किंवा हालचाल झाली तरच लिहावें अशी व्यवस्था करून, त्याच डिस्कवर कितीतरी अधिक दिवस मावतात.

आतां चोरांकडे वळूं. नोंदीचे चोर दोन जातींचे आहेत. पहिला भिंत ओलांडून येतो. दुसरा घराच्या आसपासहि फिरकत नाहीं. पहिला नोंद नेतो ती आपला चेहरा लपविण्यासाठीं; दुसरा नेतो ती आपला चेहरा बाजारांत मांडण्यासाठीं. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्यांचा विचारहि वेगळा केला पाहिजे.

पहिल्या चोराची रीत आतां वर्तमानपत्रांच्या वाचकांना परिचयाची झाली आहे. घरफोडीच्या बातमीच्या शेवटीं एक ओळ वारंवार असते, कीं जातांना चोरट्यांनीं डीव्हीआरहि पळविला. यांत नवल नाहीं. ती पेटी आपण ठेवतों कोठें? दूरदर्शनसंचाच्या खालीं, ओटीवरच्या फळीवर. तिचे हिरवे-निळे दिवे अंधारांत लुकलुकत असतात, आणि भिंतीवरून धांवणाऱ्या चारी तारा जणूं बोट दाखवून चोराला तिच्यापाशीं नेतात. पेटी माळ्यावर, कपाटांत किंवा आंतल्या खोलींत उंचावर असावी. हवेसाठीं भोंकें असलेली लोखंडी जाळीपेटी मिळते. ती भिंतीला खिळवून तिच्यांत डीव्हीआर ठेवला आणि कुलूप लावलें, तर चोराला तेथें बराच वेळ मोडावा लागतो, आणि वेळ हीच गोष्ट त्याच्यापाशीं नसते. तारा भिंतीच्या आंतून किंवा छताच्या वरून न्याव्या.

ज्यांची नोंद कॅमेऱ्यांतील कार्डावरच होते त्यांचा धोका आणखी मोठा, कारण तेथें पहारेकरी आणि वही एकाच खुंटीला टांगलेलीं आहेत. काठीनें कॅमेरा पाडला कीं कार्डहि गेलें. अशा ठिकाणीं कॅमेरा हात पुरणार नाहीं इतक्या उंचीवर असावा, आणि दोन कॅमेरे असल्यास ते परस्परांवर नजर ठेवतील असे बसवावे, म्हणजे पहिल्याकडे हात करणारा दुसऱ्याच्या नोंदींत सांपडतो. कांहीं कॅमेऱ्यांत कार्डावरील मजकूर सांकेतिक करण्याची सोय असते. ती चालू केली तर चोराला कार्ड मिळालें तरी त्यावरील चित्रें पाहतां येत नाहींत.

तिसरी काळजी विजेची. पुष्कळ घरांत विजेचा मीटर पडवींतच असतो, आणि त्याजवळचा खटका खालीं ओढला कीं सारे पहारेकरी एकदम झोंपीं जातात. राऊटर आणि डीव्हीआर हीं दोन्ही मिळून एखाद्या जुन्या दिव्याहून अधिक वीज खात नाहींत. त्यांना लहानशी बॅटरी जोडली तर चोरानें वीज तोडली तरी कांहीं वेळ काम चालू राहतें. कोंकणच्या पावसाळ्यांत वीज जाण्याला चोराचीहि गरज लागत नाहीं, तेव्हां हा खर्च दुहेरी कामीं येतो.

इतकें करूनहि सगळ्यांत मोठा उपाय राहिलाच. तो सांगण्यासाठीं मला थोडें इतिहासांत शिरावें लागेल, आणि त्यासाठीं पोलादपूर सोडून फार दूर जाण्याचें कारण नाहीं. शेजारच्या महाड तालुक्यांत रायगड आहे. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानें गडावर आग लागली आणि राजवाडा जळाला. वाड्यांत जें कांहीं होतें तें वाड्याबरोबर गेलें. आतां दुसरी गोष्ट पाहा. खुद्द पोलादपुरांत कवींद्र परमानंदाची समाधि आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून त्यानें ‘शिवभारत’ हें संस्कृत काव्य रचिलें. तें आज आपल्याला वाचावयास मिळतें तें कशामुळें? त्याचें हस्तलिखित शेंकडों कोस दूर, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत जपलें गेलें, आणि त्यावरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं तें प्रसिद्ध केलें. ग्रंथ अपुरा मिळाला, पण मिळाला. ज्या डोंगरांत त्यांतील घटना घडल्या तेथें कितीहि वादळें झालीं, तरी तंजावरची प्रत त्यांच्या तडाख्याबाहेर होती.

नोंद टिकविण्याचें सारें तत्त्व या दोन गोष्टींत आहे. जी वस्तु एकाच ठिकाणीं असते ती त्या ठिकाणच्या आपत्तीबरोबर नष्ट होते. संगणकाच्या व्यवसायांतील लोक हाच नियम ३-२-१ अशा आंकड्यांनीं सांगतात: प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि निदान एक प्रत घराबाहेर असावी. आपत्ति म्हणजे केवळ चोरच नव्हे, हें महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगावयास नको. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत सावित्री व गांधारी या नद्यांच्या पाण्यानें महाड शहर बुडालें. त्याच वेळीं तळिये येथें आणि पोलादपूर तालुक्यांत साखर सुतारवाडी व केवनाळे येथें दरडी कोसळून माणसें गेलीं. त्या शोकापुढें यंत्रांची गोष्ट क्षुल्लक आहे. पण ज्यांचा संसार वांचला त्यांच्याहि तळमजल्यांवर कागद, वह्या आणि यंत्रें चिखलांत गेलीं, हा अनुभव ताजा आहे. म्हणून पेटी उंचावर ठेवण्याचा जो सल्ला चोरासाठीं दिला, तो पुरासाठींहि तितकाच खरा आहे, आणि बाहेरची प्रत दोहोंसाठीं.

येथें कोणी म्हणेल, आमच्या वाडीवर मोबाइलची रेंज धड येत नाहीं; चार कॅमेऱ्यांचें चित्र दिवसभर मुंबईस पाठवावयाचें कसें? तसें पाठविण्याची गरजच नाहीं. माणसाची हालचाल दिसली कीं दहा सेकंदांचा तुकडा बाहेर धाडावा, एवढी आज्ञा आजचा सामान्य कॅमेराहि पाळतो. सेकंदाला १० लाख बिट या हिशेबानें दहा सेकंदांचा तुकडा सव्वा मेगाबाइट भरतो. खोऱ्यांतली अशक्त रेंजहि एवढा भार थोड्या वेळांत वाहून नेते. फणसाचीं पानें हललीं किंवा मांजर गेलें तरी तो तुकडा पाठवूं लागला तर मात्र सारी व्यवस्था हास्यास्पद होते. म्हणून कॅमेऱ्याच्या चित्रांतील कोणत्या भागाकडे लक्ष द्यावयाचें, हें त्याला आंखून द्यावें. चोर पेटी उचलीपर्यंत त्याच्या चेहऱ्याचा तुकडा ठाण्यास पोंचलेला असेल. मग पेटी नेऊन त्याला काय लाभणार?

पण श्रोतेहो, ज्या क्षणीं आपण नोंद घराबाहेर पाठवितों त्याच क्षणीं दुसऱ्या चोराचा प्रश्न उभा राहतो. नोंद जेथवर जाते तेथवर तिची राखण गेली पाहिजे.

हा दुसरा चोर विलक्षण आहे. भांडें चोरीला गेलें तर फळीवरची जागा रिकामी दिसते. नोंदीची नक्कल चोरीला गेली तर मूळ नोंद जागच्या जागीं असते, कुलूप शाबूत असतें, आणि घरधन्याला महिनेच्या महिने कांहीं कळत नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत गुजरातेंत एक प्रकरण उघडकीस आलें. राजकोटच्या एका प्रसूतिगृहांत स्त्रियांच्या तपासणीच्या खोलींतील कॅमेऱ्याचीं चित्रें यूट्यूब आणि टेलिग्राम यांवर पैसे घेऊन विकलीं जात होतीं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनीं ज्यांना पकडलें त्यांपैकीं कांहीं जण प्रयागराजचे, तर कांहीं आपल्याच महाराष्ट्रांतील लातूर व सांगली जिल्ह्यांतील निघाले. त्या स्त्रियांनीं कोणतीहि चूक केली नव्हती. त्या उपचारासाठीं आल्या होत्या, आणि आपल्यावर एक डोळा रोखलेला आहे, त्याची वही परक्यांच्या हातीं लागली आहे, याची त्यांना वार्ताहि नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनीं चार जणांना पकडलें. त्यांनीं घरांतील आणि दुकानांतील मिळून सुमारें १ लाख २० हजार कॅमेऱ्यांत शिरकाव केल्याचा आरोप आहे.

इतक्या कॅमेऱ्यांत शिरणें शक्य होतें तें मोठ्या बुद्धीमुळें नव्हे. कारखान्यांतून कॅमेरा निघतो तेव्हां त्याला एक ठरीव पासवर्ड दिलेला असतो. ‘ॲडमिन’ हा शब्द, किंवा १ पासून ६ पर्यंतचे आंकडे, असें कांहीं तरी. बसविणारा कारागीर तोच ठेवून जातो. २०१६ सालीं मिराई नांवाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमनें जगभरचे लक्षावधि कॅमेरे व डीव्हीआर ताब्यांत घेतले, तेव्हां त्याच्यापाशीं असले सुमारें साठ ठरीव पासवर्ड होते, आणि तेवढे पुरले. प्रत्येक दारापाशीं जाऊन तो तेच साठ जुडगे लावून पाहत असे. म्हणून पहिला नियम असा कीं कॅमेरा, डीव्हीआर आणि राऊटर या तिघांचे मूळ पासवर्ड बसविल्या दिवशींच बदलावे. नवा पासवर्ड लांब असावा. मुलाचें नांव आणि जन्मसाल नसावें. परस्परांशीं संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर लक्षांत राहतात आणि ओळखतां येत नाहींत. फणस, कंदील, एकादशी, वल्हें, असे कांहीं. मीं आतां बोलून दाखविलेले चार मात्र कोणी वापरूं नयेत.

दुसरा नियम, किल्ली आपल्याच हातीं असावी. पुष्कळ ठिकाणीं मोबाइलवरील खातें कारागीर आपल्याच ई-मेलवर किंवा क्रमांकावर उघडतो, आणि घरधन्याला त्यांत नुसतें पाहण्याचा हक्क देतो. त्यांत त्याचा हेतु वाईट असतोच असें नाहीं. काम लौकर उरकतें. पण मग घर आपलें आणि किल्ली त्याची, असें होतें. खात्याचा धनी स्वतः व्हावें, काम संपतांच पासवर्ड बदलावा, आणि खात्यांत शिरतांना मोबाइलवर येणारा दुसरा सांकेतिक अंक विचारला जाईल अशी व्यवस्था करावी. म्हणजे पासवर्ड फुटला तरी दार उघडत नाहीं. भावाला, मुलीला, शेजाऱ्याला पाहण्याची मुभा द्यावयाची तर प्रत्येकाला वेगळी द्यावी, ती केवळ पाहण्यापुरती असावी, आणि गरज संपतांच ती काढून घ्यावी.

तिसरा नियम राऊटरविषयीं. बाहेरून चित्र दिसावें म्हणून कधीं कधीं राऊटरमध्यें एक कायमची वाट उघडून ठेवतात. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. कुंपणाला पाडलेल्या खिंडारांतून जसा आपला गडी येतो तशींच परकीं गुरेंहि येतात. अशी वाट आपल्या घरीं आहे का, हें कारागिराला विचारून ती बंद करवावी. कॅमेऱ्याचा कर्ता वेळोवेळीं त्याच्या प्रोग्रॅममधील दोष दुरुस्त करून नवी आवृत्ति पाठवितो; ती स्वीकारावी. ज्या कॅमेऱ्याला अशी दुरुस्ती येणेंच थांबलें आहे तो इंटरनेटपासून तोडावा. पाहुण्यांना देण्याचें वाय-फाय आणि कॅमेऱ्यांचें वाय-फाय वेगवेगळें असावें. आणि जुना डीव्हीआर भंगारांत देतांना त्यांतील डिस्क काढून घ्यावी. नाहीं तर आपल्या घराची दोन-चार आठवड्यांची दिनचर्या आपण तराजूंत घालून विकतों.

नवा कॅमेरा घेतांना काय पाहावें, असेंहि विचारलें जातें. भारत सरकारनें एप्रिल २०२४ मध्यें अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या कांहीं आवश्यक कसोट्या लावून दिल्या, आणि एप्रिल २०२५ पासून नव्यानें बाजारांत येणाऱ्या कॅमेऱ्यांना त्यांतून उतरणें भाग पडलें. दुकानांत किंमत विचारण्याआधीं त्या तपासणीचा दाखला विचारावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय मुख्यतः निवडला तिच्याकडे येतों. चोरापासून जपण्याची नोंद किती असावी, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. पडवी, अंगण, मागील दार, गोठा आणि जिना एवढ्यांवर नजर असली तर घराची राखण होते. पण काळजीच्या पोटीं आपण कॅमेरा माजघरांत आणतों, मग आईच्या खाटेसमोर आणतों. ती पडली तर कळावें, ही इच्छा रास्त आहे. पण तिला कोणी विचारलें आहे का? त्या खाटेवर ती लुगडें सावरते, औषध घेते, एकटीच बसून रडते. यांतील प्रत्येक क्षण वहींत लिहिला जातो, आणि जी वही आहे ती चोरीला जाऊं शकते. सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो निर्णय शासनाच्या संबंधांत असला, तरी आपल्या घरांतील वृद्धेला, सुनेला आणि कामाला येणाऱ्या बाईला तो मान द्यावयास आपल्याला न्यायालयाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कॅमेरा आंत ठेवणें अगदीं अवश्यच असेल तर त्यांना सांगून ठेवावा, झोंपण्याच्या आणि न्हाणीच्या जागा सोडाव्या, घरांत माणसें असतांना तो बंद करावा. कॅमेऱ्यांत आवाज टिपण्याची सोय असेल तर ती आपण मुद्दाम हवी म्हणूं तेव्हांच चालू असावी. शेजाऱ्याची विहीर आणि शेजाऱ्याचें अंगण आपल्या चित्रांत येत असेल तर तेवढा भाग झांकून टाकण्याची युक्ति बहुतेक कॅमेऱ्यांत असते. जी नोंद कधीं झालीच नाहीं तिची चोरी कोणालाहि करतां येत नाहीं.

इतकी काळजी घेऊनहि घरफोडी झाली तर काय करावें? घाईघाईनें पेटीशीं खेळूं नये. पहिलें काम म्हणजे नवी नोंद जुनीवर लिहिली जाणार नाहीं हें पाहणें. मग पोलिसांना कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणें प्रत काढावी. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचें दुसऱ्या मोबाइलनें घेतलेलें चित्र ही प्रत नव्हे.

न्यायालयांत या गोष्टीला किती महत्त्व आहे तें आपल्या जालन्याच्या एका खटल्यानें देशाला शिकविलें. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत तेथील एक उमेदवारी अर्ज वेळ टळून गेल्यावर घेतला गेला किंवा कसें, असा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील कॅमेऱ्यांच्या नोंदी हा त्यांतील मुख्य पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या नांवानें तो खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला. १४ जुलै २०२० च्या निर्णयांत न्यायालयानें स्पष्ट केलें, कीं ज्या यंत्रांत नोंद झाली तें मूळ यंत्रच हजर करून त्याच्या धन्यानें साक्ष दिली तर प्रश्न नाहीं; पण तिची प्रत पुढें करावयाची असेल तर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र तिच्याबरोबर पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमांतहि हें प्रमाणपत्र आहे, आणि त्यांत नोंदीचा हॅश लिहावयाचा असतो. हॅश म्हणजे त्या नोंदीवरून गणितानें काढलेला एक लांबलचक अंक. माणसाच्या आंगठ्याच्या ठशासारखा. नोंदींत एक बिंदु बदलला तरी हा अंक बदलतो. म्हणून प्रत काढतांच तिचा हॅश काढून ठेवला, तर पुढें कोणी तींत हात घातला नाहीं हें सिद्ध करतां येतें. यावरून पेटी चोरीला जाणें किती घातक असतें तेंहि ध्यानांत येईल. चोर केवळ चित्र नेत नाहीं, मूळ पुरावा नेतो. बाहेर पाठविलेल्या तुकड्यांचें मोल अशा वेळीं कळतें.

आणि नोंदीची नक्कलच कोठें उघड झाल्याचें कळलें, तर लाजेनें गप्प बसूं नये. पासवर्ड तत्काळ बदलावे, जेथें तें चित्र दिसलें त्या पानाची खूण जपून ठेवावी, आणि जवळच्या पोलिसठाण्यांत किंवा सायबर गुन्ह्यांसाठीं असलेल्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करावी. पैशाची फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर लगोलग कळवावें. दुसऱ्याच्या यंत्रांत परवानगीवांचून शिरणें, आणि कोणाचें खाजगी चित्र घेणें किंवा पसरविणें, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यानें शिक्षापात्र गुन्हे आहेत. जिचें चित्र चोरीला गेलें तिनें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. तें काम चोराचें आहे.

माझी वेळ संपत आली. येत्या गणपतीला आपण गांवीं जाल तेव्हां आरतीनंतरचा अर्धा तास या वहीसाठीं काढा. पेटी कोठें आहे तें पाहा, आणि ती पुराच्या व चोराच्या हाताबाहेर आहे का तें पाहा. किती दिवसांची नोंद तींत मावते तें मोजा. खात्याचा धनी कोण आहे तें तपासा, आणि पासवर्ड बदला. मुंबईस तुकडा पोंचतो कीं नाहीं याची परीक्षा म्हणून स्वतःच एकदां अंगणांतून चालत जा. शेवटीं आईजवळ बसा, कॅमेरा कोठें असावा आणि कोठें नसावा हें तिला विचारा, आणि ती सांगेल तसा तो फिरवा.